कोल्हापुरातून दुसऱ्या जगात: किशोरांसाठी अद्भुत कादंबरी कशी बांधायची

दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्या बहुतेक वेळा दारापाशीच फसतात. लेखक महिनोन्‌महिने तिकडची राज्यं, राजघराणी आणि पंखवाले प्राणी रंगवत बसतो. नायिका तिकडं जाते कशी, तर झोपेत, नाहीतर विजेच्या लखलखाटात. पन्नास पानं झाली की वाचणारा पोरगा विचारतो, "मग ती परत झोपत का नाही?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढची दीडशे पानं वाया गेली.

म्हणून आधी दार ठरवा आणि जग नंतर. दार कधी उघडतं, किती वेळ उघडं राहतं, त्यातून काय जातं आणि चुकलं तर किती थांबावं लागतं, एवढं वहीच्या एका पानावर पक्कं झालं की कथानकाचा निम्मा सांगाडा आपोआप उभा राहतो. हे कसं होतं ते एका उदाहरणावरून पाहू. नायिका ऋतुजा, वय १५, दहावीत, करवीर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहणारी. घरचं हंगामी गुऱ्हाळ आहे.

दाराचा कायदा

कोल्हापूरच्या लेखकाला दारासाठी लांब जायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सगळ्यांना ठाऊक आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. यामागचं कारण साधं आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या ४१ दिवस आधी तो क्षितिजावर ज्या जागी मावळतो, ४१ दिवसांनंतर परत येताना त्याच जागी मावळतो. म्हणून तारखांची जोडी जमते.

हे तत्त्व घ्या, देऊळ घेऊ नका. किरणोत्सवाच्या संध्याकाळी तिथं एवढी गर्दी असते की एक मुलगी गायब झालेली लपणार नाही. शिवाय लोकांच्या श्रद्धेची जागा कथेचं यंत्र म्हणून वापरली की वाचकाचं लक्ष कथेवरून उडतं. त्यापेक्षा ओढ्याकाठी एक पडका दगडी मंडप कल्पनेनं उभा करा आणि त्याला तीच दिशा द्या. दिशा बदलायची असेल तर तारखा बदला, पण दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून सारख्याच अंतरावर हव्यात. २० ऑक्टोबर धरलात तर जोडीला २१ फेब्रुवारी येईल. एक लक्षात ठेवा: डिसेंबरच्या टोकाजवळ सूर्य फार हळू सरकतो, त्यामुळे तिथली तारीख धरली तर दार बरेच दिवस उघडत राहील आणि घाईच उरणार नाही. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास तो रोज जवळजवळ आपल्या बिंबाएवढा सरकतो, म्हणजे एकच संध्याकाळ मिळेल. नोव्हेंबरच्या तीन संध्याकाळी कथेला बरोबर पुरतात.

इथं हमखास होणारी चूक घड्याळाची. दिशा तीच असली तरी वेळ तीच नसते. कोल्हापुरात १० नोव्हेंबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि ३१ जानेवारीला साडेसहाच्या सुमारास. दोन्हीकडं 'सहा वाजले' असं लिहिलंत तर भूगोलात हुशार असलेली मुलं तुम्हाला धरतील. मंडपाच्या पश्चिमेला डोंगर असेल तर ऊन त्याहूनही लवकर जाईल. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव निवडणाऱ्यांनी हे तपासावंच.

किरणोत्सवाला अडथळे येतात तसे दारालाही येऊ द्या. आभाळ आलं, हवेत धूर किंवा धुकं दाटलं, मध्ये नवी इमारत उभी राहिली, की किरण पोचत नाहीत. कथेत खलनायक लागतोच असं नाही. नोव्हेंबरात ऊसतोडीनंतर कुणीतरी पाचट पेटवलं आणि त्याचा धूर नेमका पश्चिमेला उठला, एवढ्यानंही दार बंद होऊ शकतं. असा अडथळा गावातल्या वाचकाला लगेच पटतो.

वेळेचं गणित

दोन्ही जगांत वेळ सारखीच चालते असं धरलं, तर ११ नोव्हेंबर चुकल्यावर ३१ जानेवारीपर्यंत ८१ दिवस मुलगी बेपत्ता. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. मोबाईलचं शेवटचं ठिकाण काढलं जातं, मैत्रिणींना बोलावून विचारतात, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. लेखक हे सगळं गाळून 'आई काळजीत होती' एवढ्यावर भागवतो, तेव्हा कोल्हापूर खोटं पडतं. मग तिकडचं जग कितीही सजवलं तरी कोण विश्वास ठेवणार?

आमच्या मते इथल्या आणि तिथल्या वेळेचं प्रमाण वापरावं आणि ते एकदा ठरलं की मोडू नये. समजा इथला १ दिवस म्हणजे तिथले २७ दिवस. आता हिशेब मांडा.

ऋतुजा ९ तारखेच्या संध्याकाळी जाते. १० तारखेला दार पुन्हा उघडतं, तेव्हा तिथं २७ दिवस झालेले असतात. ११ तारखेला ५४ दिवस. इथं घरच्यांनी तिला ४८ तास शोधलं. दार इथं ५ मिनिटं उघडं राहतं, म्हणजे तिथून बघणाऱ्याला १३५ मिनिटं, सव्वादोन तास. आणि ११ तारखेला आभाळ आलं तर? पुढची संधी इथल्या ८१ दिवसांनी, म्हणजे तिथल्या २,१८७ दिवसांनी. जवळजवळ सहा वर्षं. पंधरा वर्षांची ऋतुजा परतेल तेव्हा एकवीस वर्षांची असेल, आणि इथं तिचा दहावीचा वर्ग अजून बोर्डाच्या परीक्षेचीच तयारी करत असेल.

यात कुठंही राक्षस नाही, भविष्यवाणी नाही. तरी तिसऱ्या संध्याकाळी पश्चिमेला ढग दिसले की वाचक पान उलटल्याशिवाय राहणार नाही. दाराचा कायदा आधी का ठरवायचा, ते यावरून कळेल.

प्रमाण ठरल्यावर शरीराकडं बघा. ५४ दिवसांत केस जवळपास दोन सेंटिमीटर वाढतात, नखं पाच-सहा मिलिमीटर. ४८ तासांनी सापडलेल्या मुलीचे केस विंचरताना आईला ते कळेल. बटांची टोकं खांद्याखाली आलेली असतील, नखं वेडीवाकडी वाढलेली किंवा दगडावर घासून झिजवलेली असतील. पोलिसांना जे कळणार नाही ते आईला फणीतून कळतं. हा प्रसंग शेवटी लिहायचा असेल तर पहिल्या प्रकरणात आईनं तिची वेणी घातलेली दिसली पाहिजे. आणि ५४ दिवसांत दोन वेळा पाळी येईल. बहुतेक कादंबऱ्या हे गाळतात आणि वाचणाऱ्या मुलींच्या ते पहिल्यांदा लक्षात येतं. तिथल्या बायका काय वापरतात, ती कुणाला आणि कसं विचारते, हे एका परिच्छेदात सरळ लिहा. त्यातून तिकडच्या समाजाबद्दल जितकं कळेल तितकं राजदरबाराच्या दहा पानांतून कळणार नाही.

चंद्रही तपासा. कथा २०२६ मध्ये घडवणार असाल तर त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे ९ तारखेची रात्र काळोखी, घर पाहुण्यांनी भरलेलं, शाळेला सुट्टी, भाऊबीज अगदी तोंडावर. वर्ष नुसतं 'हल्लीचं' धरू नका. एक वर्ष पक्कं करा, त्याचं कॅलेंडर भिंतीला लावा आणि त्यावरच तारखा खुणवा.

दारातून काय जातं

प्रत्येक दाराला एक मनाई असावी आणि ती एका वाक्यात सांगता यावी. आपल्या उदाहरणात: या दारातून धातू जात नाही. मनाई ठरली की लगेच तिच्यातली पळवाट शोधा, नाहीतर वाचक शोधेल. रक्तातही लोह असतं, मग माणूस जातो कसा? म्हणून कायदा नेमका करा: भट्टीतून गेलेला धातू जात नाही.

आता ऋतुजाच्या अंगावरची आणि दप्तरातली एकेक वस्तू या कायद्यासमोर उभी करा. हे काम कागदावर करावं, एका बसण्यात होतं. दप्तराची चेन गळून पडते, म्हणजे दप्तर उघडं. चष्म्याची फ्रेम प्लॅस्टिकची असली तरी बिजागरीतले बारीक स्क्रू स्टीलचे असतात, म्हणजे दोन्ही काड्या सुटतात आणि चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधावा लागतो. केसांच्या पिना, कानातलं, अंतर्वस्त्राचे हूक मागं राहतात. सलवारीची नाडी तिकडं जाते. बॉलपेनचं टोक धातूचं, ते गेलं की शाई गळते. पेन्सिल शाबूत राहते. पिना मारलेली वही सुटते, दोऱ्यानं शिवलेलं रजिस्टर टिकतं. दाढेत जुनी चांदीसारखी दिसणारी भरणी असेल तर ती पडेल आणि तिकडं पहिल्या आठवड्यात दाढदुखी सुरू होईल. दातांना तार लावलेली असेल तर ती सुटेल.

मोबाईल अर्थातच जात नाही. त्यामुळं तिकडं त्याच्या बॅटरीचं काय करायचं हा प्रश्नच मिटतो, आणि इकडं कथेला पुरावा मिळतो. मंडपाच्या दगडावर मोबाईल, चेन, हूक, पिना आणि दोन बारीक स्क्रू असा ढीग पडलेला. लोकेशन काढून पोलीस तिथं पोचतात, सगळं सापडतं आणि काहीच उलगडत नाही. तिच्या भावाला मात्र ढिगात काय नाही ते दिसतं: मोबाईल सोडला तर प्लॅस्टिक नाही, लाकूड नाही, कापड नाही. त्याला कायदा कळतो तो असा. एका नियमातून दोन्हीकडचं कथानक पुढं सरकलं, की नियम चांगला निवडला असं समजा.

आता पायातली चप्पल. खरी कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीनं शिवतात, तिला खिळा नसतो. म्हणजे ती दारातून सहीसलामत जाईल. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं पाणी पितं. नोव्हेंबरात ओढ्याला गुडघाभर पाणी असतं, आणि मंडप ओढ्यापलीकडं असेल तर चप्पल भिजलेलीच तिकडं पोचेल. भिजली की तळ फुगतो, पट्टा सैल होतो. उन्हात टाकून घाईनं वाळवली तर ती कडक होऊन वाकते आणि भेगाळते. सावलीत वाळवून तेल चोळलं तर बरी राहते. ऋतुजाला हे ठाऊक आहे, पण तिकडं तेल मागायचं कुणाकडं? तिची पहिली देवघेव या तेलासाठीच होऊ द्या. चप्पल दाखवायची तर अशी दाखवा, कामात. पहिल्याच पानावर तांबडा-पांढरा, मिसळ, रंकाळा, चप्पल आणि खासबाग मैदान ओळीनं मांडून ठेवलं की ती पर्यटनाची पत्रिका होते. आमचा नियम असा: पात्राच्या हातापायांना जिच्याशी काही करावं लागतं, तीच कोल्हापूरची गोष्ट पुस्तकात येईल.

हातातली कला

नायिकेला जादू देऊ नका, काम द्या. दुसऱ्या जगात तिचा उपयोग होईल असं एकच कौशल्य इथं रुजवा आणि ते तिथं पहिल्यांदा फसू द्या.

ऋतुजा गुऱ्हाळावर वाढली आहे. कायलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळायला लागला की मळी (रसातली घाण) वर येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की ती मळी धरून वर आणतो, मग ती झाऱ्यानं काढतात. कायलीखालच्या चुलवाणात आग सांभाळणारा जळव्या चिपाड टाकत असतो आणि गूळ करणारा गुळव्या पाकावर नजर ठेवून असतो. पाक होत आला की तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी बसली की कायल उतरवायची. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, गूळ चिघळतो. उशीर झाला तर करपतो. मधे हाताशी फार वेळ नसतो.

आता तिकडं उंच डोंगरातले लोक एका झाडाचा गोड रस आटवून हिवाळ्याची बेगमी करतात असं समजा. ते घटका मोजून भांडं उतरवतात. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. दर खेपेला रस पातळ-दाट असतो, त्यामुळं त्यांचा माल निम्म्या वेळा बिघडतो. ऋतुजा गोळीची परीक्षा करायला जाते आणि पहिल्यांदा फसते, कारण त्या रसात चिकटपणा वेगळा आहे आणि गोळी बसल्यासारखी वाटून फुटते. दुसऱ्या खेपेला ती आधी मळी काढायला झाडांची चिकट साल शोधते. मग गोळी खरी बसते. इथं एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर हजार मीटरला साधारण तीन अंश सेल्सिअसनं कमी. त्यामुळं घरून आठवलेला तापमापकाचा आकडा तिथं चालणार नाही, पण पाण्यातली गोळी कुठंही चालेल. आज्जीची पद्धत शाळेतल्या आकड्यापेक्षा का टिकली, हे तिला विज्ञानानंच कळतं. असा प्रसंग दोन पानं घेऊ द्या. राज्याभिषेकाला अर्धं पान पुरतं.

कुस्ती, चामड्याचं काम, नदीत पोहणं, म्हशीची धार, यातलं काहीही चालेल. अट एवढीच की तुम्ही ते काम जवळून पाहिलेलं असावं. नसेल तर आठवडाभर तिथं जाऊन बसा.

तिकडचं जग

बारा राज्यं नकोत. ५४ दिवसांत पायी चालणारी मुलगी तीन-चार ठिकाणंच नीट बघू शकते. सपाटीवर ताशी चार किलोमीटर, जंगलातल्या चढावर दोन-अडीच, म्हणजे ओझं घेऊन दिवसाला १५ ते २० किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे, ते एकदा पायी चाला म्हणजे अंगात भिनेल. पन्हाळ्याहून पावनखिंडीची वाट आज हौशी मंडळी दोन दिवसांत चालतात. १६६० मध्ये ती एका रात्रीत, पावसात कापली गेली, म्हणून तर ती अजून सांगितली जाते. तुमची पात्रं रोजच तसं चालायला लागली तर थकवा, फोड आणि भूक यांना काही अर्थ उरत नाही.

जगाची मूळ कल्पना मात्र इथूनच काढा. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती. ही पाचवी गुप्त मानतात, ती कुणाला दिसत नाही. मग ती तिकडं वाहत असेल तर? तिथं सरस्वती उघड्यावर आणि बाकीच्या चार जमिनीखाली. हा एक उलटा नियम धरला की पुढचं तर्कानं येतं. चार नद्या जमिनीखाली असतील तर गावं नदीकाठी नसतील, विहिरींभोवती असतील. पाणी खालून आवाज करत असेल. पूर वरून येणार नाही, विहिरीतून चढेल. पाण्याच्या पातळीवर नजर ठेवणारा माणूस गावात सगळ्यांत मानाचा असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाठ असतात. २०१९ च्या पुरात पातळी ५५ फुटांवर गेलेली त्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे. ऋतुजा विहिरीच्या आतल्या भिंतीवरच्या खुणा बघून घाबरते आणि तिथले लोक का घाबरत नाहीत हे तिला कळत नाही. या एका गैरसमजावर दोन प्रकरणं उभी राहतात.

नकाशा काढताना करवीर-पन्हाळा-राधानगरीचा खरा नकाशा पारदर्शक कागदावर उतरवा, कागद उलटा करा आणि त्यावर काम करा. चढ-उतार आणि अंतरं खरी राहतात, पण ओळखू येत नाहीत. नावांसाठी एखादा आवाज वर्ज्य करा. त्यांच्या भाषेत 'ळ' नाही असं ठरवलं तर सगळी नावं आपोआप एका कुळातली वाटतील आणि रंकाळा हा शब्द म्हणताना त्यांची जीभ अडेल. संस्कृत जोडशब्दांची नावं घेतली की मालिकेतल्या स्वर्गलोकाचा भास होतो, आणि कडकड वाजणारी परदेशी नावं मराठी वाक्यात बसतच नाहीत.

बोली

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि संवाद ज्याच्या त्याच्या तोंडचे. कोल्हापूरकडच्या मुली घरात सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणतात. ऋतुजाही तसंच म्हणेल: "आई, वढ्याकडं जाऊन येतो गं." निवेदनात मात्र 'ती गेली'. हा फरक शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक वाक्यात 'लई', 'भावा' आणि 'नाद खुळा' पेरू नका. घरात आज्जीशी बोलताना एक चाल, शाळेत बाईंशी दुसरी, मैत्रिणींत तिसरी, असं खऱ्या मुली बोलतात.

तिकडची भाषा तिला पहिल्या दिवसापासून समजू देऊ नका. पहिले दहा दिवस खुणा आणि वीस-पंचवीस शब्द. मग उलटंही होऊ द्या: तिथले लोक मराठी तिच्याकडून शिकतात, म्हणजे ते कोल्हापुरीच शिकणार. तिथली म्हातारी पाणकरीण, विहिरीच्या पाण्यावर नजर ठेवणारी, दिवसभराच्या कामानंतर पहिलं पूर्ण वाक्य बोलते, "मी दमलो." घरापासून इतक्या लांब ऋतुजाला ते ऐकून रडू येईल, आणि तुम्हाला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

शब्दांची वाटणी आणि मधली दलदल

एकूण ५०,००० शब्द धरा. दारापर्यंत ६,०००, पहिले २७ दिवस १८,०००, दुसरे २७ दिवस १८,०००, परतणं आणि घर ८,०००. घरच्या ४८ तासांची चार छोटी प्रकरणं भावाच्या बाजूनं मधे घाला, प्रत्येकी हजार शब्दांची. ती या वाटणीतलीच धरा. दारापर्यंत दहा हजार शब्द खर्च झाले तर मुलं पुस्तक ठेवतात, आणि दोन हजारांत आटोपलं तर तिला घरी परतावंसं का वाटतं हे कळत नाही.

कादंबरी साधारण मधोमध रुतते. इथं कॅलेंडर मदतीला येतं: सत्ताविसाव्या दिवशी दार उघडतं. ती जाऊ शकते, आणि जात नाही. याचं कारण तिच्या स्वभावातलं हवं, वाट अडवली गेली हे कारण लंगडं. तिनं कुणाला तरी शब्द दिलाय, किंवा गुळाच्या कामात मिळालेला मान तिला सोडवत नाही. घरी काय चाललंय ते तिला माहीत नाही, वाचकाला मात्र भावाच्या प्रकरणांतून माहीत आहे. इथून पुढं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिच्याकडचं काहीतरी कमी झालं पाहिजे: वेळ, मैत्री, चप्पल, डोळ्यांवरची एक काच.

'तूच ती निवडलेली' असं सांगणारा म्हातारा टाळा. तो आला की निर्णय तोच घेतो आणि मुलगी नुसती ऐकत राहते. मोठी माणसं असू देत, पण त्यांना स्वतःची कामं असू देत.

लिहिणं आणि छपाईपर्यंत

आठवड्यातले पाच दिवस रोज ७०० शब्द लिहिले तर साधारण सव्वाचौदा आठवड्यांत पहिला खर्डा होतो. जूनच्या अखेरीला सुरू केलंत तर दसऱ्याच्या आसपास. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासूनचं आहे; तिथं जुनी वजनं-मापं, झाडं, वाटा यांच्यासाठी जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळा, पण ते लिहायला बसण्याआधी. मधे गेलात तर आठवडा जातो.

खर्डा १३ ते १६ वयाच्या पाच मुलांना द्या. नातेवाइकांची मुलं नकोत. 'आवडलं का' विचारू नका, ती हो म्हणतील. विचारा, "कुठल्या पानावर थांबलास? थांबून काय केलंस?" पाचापैकी तिघं एकाच प्रकरणात थांबली असतील तर ते प्रकरण दुरुस्त करत बसू नका, काढून टाका आणि काय मोडतं ते बघा. बऱ्याचदा काहीच मोडत नाही.

टंकलेखन युनिकोडमध्ये करा. छपाईवाले बऱ्याचदा ते जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेतात आणि त्यात जोडाक्षरं तुटतात. 'ऱ्या', 'ऱ्हा', 'श्र', 'ॲ' असलेले शब्द मुद्रितात एकेक करून तपासा. 'गुऱ्हाळ' तुमच्या पुस्तकात शंभर ठिकाणी येणार आहे. डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या मापाच्या, पानात २८० शब्द धरले तर मजकूर १७९ पानांत बसतो. शीर्षकपानं आणि नकाशा धरून १९२ पानं, म्हणजे १६ पानांचे बरोबर १२ फर्मे (एकत्र छापले जाणारे पानांचे गट). १९५ पानं झाली तर तीन पानांसाठी नवा फर्मा लागतो आणि खर्च वाढतो, तेव्हा मजकूर कापा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्वतः काढणार असाल तर राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो.

मुद्रितशोधकाला हस्तलिखिताबरोबर एका पानाचं शैलीपत्रक द्या. त्यात लिहा: संवादात 'लई' ठेवावं, 'लय' नको. 'वढा' संवादात, 'ओढा' निवेदनात. तिकडच्या नावांत 'ळ' कुठंही येऊ नये. ऋतुजाच्या तोंडी 'मी आलो' हेच बरोबर आहे, 'मी आले' करू नये. हे शेवटचं वाक्य ठळक करा. ते दिलं नाही तर शोधक प्रामाणिकपणे सगळीकडं 'आले' करेल, आणि पाणकरणीचं 'मी दमलो' तेवढं एकटं छपाईची चूक वाटेल.